ऑस्ट्रेलियाच्या बलदंड मोटारी

माणूस यंत्रावर प्रेम करतो की यंत्राच्या रूपाने आपल्या गतकाळावर, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील जुन्या मोटारींच्या मेळ्यांचा विचार करू लागताच प्रथम पुढे उभा राहतो. कॅनबेरा येथे १९८८ सालापासून जानेवारीत भरू लागलेला ‘समरनॅट्स’ हा मेळा घ्या, किंवा मरे नदीच्या दोन तीरांवर वसलेल्या अल्बरी व वोडोंगा या जोडनगरांत केवळ क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांसाठी भरणारा मेळा घ्या. दृश्य थोड्याफार फरकाने सारखेच असते. हिरवळीवर गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, त्यांची बॉनेटे उघडी असतात, आणि जत्रेतील भाविकाने गाभाऱ्यात डोकावावे त्या भावाने लोक इंजिनात डोकावत असतात. कोणी घडीच्या खुर्चीवर आपल्या गाडीशेजारी दिवसभर बसून आल्यागेल्याला तिची कुळकथा सांगत असतो. ती कुळकथा ऐकण्यासारखी आहे, आणि तिच्यात केवळ मोटारींचे नव्हे तर एका राष्ट्राच्या उद्योगाचे व त्याच्या नीतिबुद्धीचेही दर्शन घडते, म्हणून आम्ही ती आमच्या वाचकांपुढे मांडीत आहोत.

ह्या गाड्यांना इंग्रजीत ‘मसल कार’ म्हणतात. आपण त्यांस बलदंड मोटारी म्हणू. हे नाव अमेरिकेतून आले. परंतु अमेरिकेची बलदंड मोटार बहुधा दोन दारांची, हौशी तरुणासाठी केलेली असे. ऑस्ट्रेलियाच्या सर्वांत नामांकित बलदंड मोटारीला मात्र चार दारे होती. बापाने आठवडाभर कचेरीला न्यावी, रविवारी मुलाबाळांना बसवून समुद्रकाठी न्यावी, अशा साध्या संसारी गाडीच्याच पोटात शर्यतीचे इंजिन बसविलेले होते. संसार आणि संग्राम एकाच पत्र्याखाली नांदविण्याचा हा प्रकार कसा उद्भवला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८५६ साली जेम्स अलेक्झांडर होल्डन नावाच्या गृहस्थाने ॲडलेड शहरात जिनगराचे दुकान घातले. घोड्यांची खोगिरे व सरंजाम करणाऱ्या ह्या घराण्याच्या धंद्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात मोटारींचे सांगाडे बांधावयास घेतले, आणि १९३१ साली तो जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीत विलीन झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या देशात आपली गाडी व्हावी असा आग्रह तेथील सरकारने धरला. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नजवळील फिशरमन्स बेंड येथे पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या उपस्थितीत पहिली होल्डन गाडी लोकांपुढे आली. भांडवल परकीय होते, आराखड्याचे मूळही परकीय होते. तरी लोकांनी तिला आपली मानले. फोर्ड कंपनी १९२५ पासून जिलाँग येथे होतीच. तिने १९६० साली फाल्कन ही गाडी आणली. क्रायस्लरने १९६२ साली व्हॅलियंट आणली. अशा रीतीने त्रिकूट पुरे झाले.

आपल्याकडेही ह्याच सुमारास हाच विचार चालू होता, हे येथे आठवते. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स १९२८ पासून बाहेरून आलेल्या भागांची जुळणी करीत असे. गाडी येथेच घडविण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनाच वाव देण्याचे धोरण भारत सरकारने १९५३ साली ठरविले, आणि पुढील वर्षी ती जुळणी बंद झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मात्र कुर्ल्याच्या कारखान्यात टिकाव धरला. दोन्ही देशांचा संकल्प एकच होता. भेद इतकाच, की आपल्याकडे गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तर तिकडे तीन कारखाने एकाच गिऱ्हाइकासाठी झुंजत होते. बलदंड मोटारीचा जन्म ह्या झुंजीतून झाला.

झुंजीचे मैदान होते एक डोंगर. न्यू साउथ वेल्समधील बॅथर्स्ट नगराजवळच्या ह्या डोंगरास विराजुरी ह्या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत ‘वालू’ म्हणतात. गोऱ्यांनी त्यास माउंट पॅनोरमा हे नाव दिले. १९३८ साली ह्या डोंगरावरून जाणारा रस्ता खुला झाला. बेकारांच्या हातांना काम मिळावे म्हणून तो बांधण्यात आला होता. सुमारे सहा किलोमीटरांचा हा फेरा १७४ मीटर चढतो आणि तितकाच उतरतो. माथ्यावर अरुंद वळणे आहेत, आणि उताराच्या शेवटी लांबलचक सरळ पट्टा आहे. शर्यत नसेल त्या दिवशी हा साधा सार्वजनिक रस्ता असतो. त्याच्या कडेला लोकांची घरे आहेत, आणि तेथे ताशी ६० किलोमीटरांहून अधिक वेगाने जाणाऱ्यास दंड भरावा लागतो.

१९६० साली व्हिक्टोरियातील फिलिप बेटावर सुरू झालेली ५०० मैलांची शर्यत १९६३ साली ह्या डोंगरावर आली. तिचा मूळ नियम मोठा मार्मिक होता. शर्यतीसाठी मुद्दाम घडविलेली गाडी तेथे चालत नसे. दुकानात सामान्य गिऱ्हाइकाला जी गाडी विकली जाते, तीच धावली पाहिजे. नियमाचा हेतू असा, की कोणत्या गाडीत किती दम आहे हे लोकांना कळावे. कारखानदारांनी मात्र त्याचा उलटा अर्थ काढला. शर्यतीत धावायची गाडी दुकानात विकली गेली पाहिजे ना, मग शर्यतीचीच गाडी दुकानात ठेवू! नियम करणाऱ्याची बुद्धी एका वाटेने जाते आणि नियम पाळणाऱ्याची दुसऱ्या वाटेने, ह्याचे इतके चोख उदाहरण क्वचित आढळेल.

प्रारंभी जय लहान गाड्यांचा होता. १९६६ साली तर मिनी ह्या चिमुकल्या गाड्यांनी पहिले नऊ क्रमांक पटकाविले. पुढच्याच वर्षी चित्र पालटले. फोर्डने फाल्कन जीटी ही गाडी काढली. पोलिसांच्या उपयोगासाठी वेगवान फाल्कन करण्याच्या खटपटीतून तिची कल्पना निघाली असे सांगतात. आठ सिलिंडरांचे, २८९ घनइंचांचे इंजिन आणि बहुतेक सर्व गाड्यांना एकच सोनेरी रंग, अशा थाटात ती आली. हॅरी फर्थ व फ्रेड गिब्सन यांनी १९६७ ची शर्यत तिच्यातून जिंकली. १९६८ साली होल्डनने दोन दारांच्या, ३२७ घनइंचांच्या इंजिनाच्या मोनारो गाडीने उत्तर दिले आणि ब्रूस मॅकफी व बॅरी मलहॉलंड यांनी जयमाळ तिकडे नेली. १९६९ साली फोर्डने अधिक जहाल अशी जीटीएचओ आणली. पण त्या दिवशी तिच्या टायरांनी दगा दिला आणि ३५० घनइंचांच्या मोनारोतून कॉलिन बाँड व टोनी रॉबर्ट्स विजयी झाले. पुढील दोन वर्षे मात्र ॲलन मोफॅट यांची. १९७० व १९७१ ह्या दोन्ही साली ५०० मैल त्यांनी एकट्यानेच गाडी हाकली आणि फोर्डला यश मिळवून दिले.

१९७१ ची ती गाडी, फाल्कन जीटीएचओचा तिसरा अवतार, आज ह्या सर्व मेळ्यांतील अधिदेवता होऊन बसली आहे. ३५१ घनइंचांचे, म्हणजे ५.८ लिटरांचे इंजिन. लांब पल्ल्यात पेट्रोलसाठी थांबणे कमी व्हावे म्हणून ३६ गॅलनांची प्रचंड टाकी. आणि ताशी १४० मैलांच्या पलीकडे जाणारा वेग. अशा सुमारे ३०० गाड्या झाल्या. ह्या आकड्यांपुढे चार दारे, मागचे ऐसपैस बाकडे आणि सामानाचा कप्पा ठेवून पाहावे, म्हणजे हिचा विलक्षणपणा ध्यानी येईल.

होल्डनने वेगळा मार्ग धरला. टोराना ह्या लहान, हलक्या गाडीत सहा सिलिंडरांचे, २०२ घनइंचांचे इंजिन बसवून तिने वजनाच्या बळाऐवजी चपळाईवर भर दिला. १९७२ साली पावसाने निसरड्या झालेल्या डोंगरावर पीटर ब्रॉक नावाच्या तरुणाने ह्याच गाडीतून मोठ्या फाल्कनांस मागे टाकले. ब्रॉक यांनी ही शर्यत पुढे एकूण नऊ वेळा जिंकली आणि लोकांनी त्यांस ‘डोंगराचा राजा’ म्हटले. २००६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका रॅलीत गाडी झाडावर आदळून त्यांचा अंत झाला. क्रायस्लरची व्हॅलियंट चार्जर १९७१ साली आली. तिच्या सहा सिलिंडरांच्या, २६५ घनइंचांच्या इंजिनावर तीन इटालियन वेबर कार्ब्युरेटर होते. तिच्या ‘ई ४९’ ह्या प्रकाराची शक्ती ३०२ अश्वशक्ती सांगत. बॅथर्स्टची पहिल्या क्रमांकाची जयश्री चार्जरला कधीच लाभली नाही. पण मेळ्यांत तिच्याभोवती गर्दी कमी नसते. हरलेल्या वीरावर प्रेम करणारे लोक सर्व देशांत असतात.

ह्या वैभवाचा शेवट शर्यतीच्या मैदानावर झाला नाही. तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झाला. २५ जून १९७२ रोजी सिडनीच्या ‘सन-हेरल्ड’ पत्रात इव्हान ग्रीन यांचा लेख आला. ताशी १६० मैल वेगाच्या गाड्या लवकरच सर्वसामान्य रस्त्यांवर येणार, असा त्याचा आशय होता. न्यू साउथ वेल्सचे वाहतूकमंत्री मिल्टन मॉरिस यांनी ‘चाकांवरच्या बंदुकीच्या गोळ्या’ अशा शब्दांत ह्या गाड्यांचा धिक्कार केला. एकच गदारोळ उठला. सरकारी खात्यांसाठी मोठ्या संख्येने गाड्या घेणाऱ्या राज्यांची नाराजी पत्करणे कंपन्यांना परवडणारे नव्हते. काही दिवसांतच तिन्ही कंपन्यांनी आपापले पुढचे बेत मागे घेतले. होल्डनची आठ सिलिंडरांची टोराना तेव्हा बाहेर आलीच नाही. फोर्डच्या जीटीएचओच्या चौथ्या अवताराच्या अवघ्या चार गाड्या घडल्या. १९७३ पासून शर्यतीचे नियम बदलले, गाडीत फेरफार करण्यास मुभा मिळाली, आणि त्यामुळे शर्यतीची गाडी दुकानात विकण्याचे कारणच उरले नाही. त्याच वर्षी शर्यत १,००० किलोमीटरांची झाली.

मेळ्यांत ही हकीकत सांगताना पुष्कळ जण मंत्र्याला व पत्रकाराला खलनायक ठरवितात. आम्हांस हा न्याय एकांगी वाटतो. १९७० साली ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर ३,७९८ माणसे मृत्युमुखी पडली होती. त्या देशाची लोकवस्ती त्या वेळी सव्वा कोटीच्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या आकड्याचे भेसूर रूप दिसते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात व्हिक्टोरिया राज्याने गाडीत पट्टा बांधणे सक्तीचे केले. असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य. घरोघर सुतक असताना कोणी १६० मैलांच्या वेगाची जाहिरात करू लागला, तर समाजाने त्यास जाब विचारू नये काय? हेही खरे, की शे-दोनशे महागड्या गाड्या थांबविल्याने तो आकडा खाली आला, असे म्हणता येत नाही. पट्टे, चांगले रस्ते आणि मद्यपी चालकांवरील निर्बंध ह्यांनी पुढे अधिक काम केले. तेव्हा निर्णय घाईचा होता, पण त्यामागील वेदना खोटी नव्हती. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्याने तिच्या काळाचे दुःखही लपवू नये, असे आम्हांस वाटते.

ह्यानंतर ह्या गाड्यांची जी दशा झाली ती मनास चटका लावणारी आहे. पेट्रोल महागले, विम्याचे हप्ते वाढले, आणि कालची राजेशाही गाडी जुन्या बाजारात कवडीमोल झाली. पोरासोरांनी त्या विकत घेतल्या, वाटेल तशा पिटाळल्या, झाडांवर आपटल्या. कित्येकींची इंजिने काढून दुसरीकडे बसविली गेली, सांगाडे भंगारात गेले. संख्या घटली तसतसा लोभ वाढला. फाल्कन जीटीएचओचा तो तिसरा अवतार नवा असताना पाच हजारांहून थोड्या अधिक डॉलरांस मिळत असे. २०१८ साली अशी एक गाडी लिलावात दहा लक्ष तीस हजार डॉलरांस गेली. ती पूर्वी विख्यात गोलंदाज जेफ थॉमसन यांची होती, हे आमच्या क्रिकेटप्रेमी वाचकांस वाचून गंमत वाटेल.

किंमत वाढली की लबाडी येते. साध्या फाल्कनवर जीटीची चिन्हे लावून तिला खानदानी म्हणून खपविणारे निघाले. म्हणून मेळ्यांतील जाणते परीक्षक प्रथम रंगरूप पाहत नाहीत. ते सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि कारखान्याची पाटी एकमेकांशी ताडून पाहतात. तिन्ही जुळले तर गाडी अस्सल. रंगाचाही हिशेब असतो, कारण कारखान्याने त्या सांगाड्याला कोणता रंग दिला होता हे पाटीवरील सांकेतिक खुणेवरून कळते. क्रायस्लरच्या एका नारिंगी रंगाचे नाव ‘व्हिटॅमिन सी’ होते. होल्डनच्या जांभळ्या रंगाचे ‘प्लम डिंगर’. नावांतला हा खट्याळपणा त्या काळच्या तारुण्याचाच होता.

येथे एक वाद दरवर्षी रंगतो, आणि तो आमच्या वाचकांस परका वाटू नये. एक पक्ष म्हणतो : गाडी अशी करा की जणू आजच कारखान्यातून निघाली, जुना पत्रा कापून नवा जोडा, प्रत्येक स्क्रू चकचकीत करा. दुसरा पक्ष म्हणतो : पन्नास वर्षांचा ओरखडा हाही इतिहास आहे, नवा रंग चढविलात की साक्षीदार मारलात. देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या सभेत बसलेल्या कोणासही ही भाषा ओळखीची वाटेल. जुना लाकडी सभामंडप ठेवावा की काँक्रीटचा बांधावा, झिजलेली पायरी बदलावी की पूर्वजांच्या पावलांची खूण म्हणून राखावी, ह्यावर आपल्या महाजनांत किती खल होतो! गोव्यातील कित्येक देवस्थानांनी तर सोळाव्या शतकात स्थळच बदलले. देऊळ नवे, जागा नवी, तरी देव तोच मानला गेला. कारण देवाच्या ठायी सातत्य मानणारी उपासना अखंड होती. यंत्राला अशी प्राणप्रतिष्ठा नसते. त्याचे सातत्य त्याच्या लोखंडात आणि ते लोखंड जाणणाऱ्या हातांतच असते. म्हणून त्याच्या बाबतीत जुना भाग शक्य तोवर राखावा आणि बदलला तर तसे प्रांजळपणे सांगावे, हा दुसऱ्या पक्षाचा विचार आम्हांस अधिक पटतो.

आज ह्या वादाला एक गंभीर धार आली आहे. ज्या कारखान्यांनी ह्या गाड्या घडविल्या त्यांपैकी एकही आता उरला नाही. क्रायस्लरचा व्यवसाय १९८० साली मित्सुबिशीकडे गेला आणि ॲडलेडजवळचा टॉन्सली पार्क येथील कारखाना २००८ साली बंद झाला. फोर्डने ७ ऑक्टोबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील गाड्यांचे उत्पादन थांबविले. होल्डनचा एलिझाबेथ येथील कारखाना २० ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाला, आणि २०२० साली होल्डन हे नावच निकालात काढण्याचा निर्णय जनरल मोटर्सने जाहीर केला. जिनगराच्या दुकानापासून चालत आलेले एकशे चौसष्ट वर्षांचे नाव एका घोषणेने संपले. त्याच कंपनीने २००८ साली आपल्या तळेगावात उघडलेल्या कारखान्याचे उत्पादनही २०२० च्या डिसेंबरात थांबले. दूरच्या मालकाचा हिशेब बदलला की एलिझाबेथ काय आणि तळेगाव काय, दोन्हीकडे भोंगा सारखाच मुका होतो.

कारखाने मिटल्यामुळे मेळ्याचे स्वरूपच पालटले आहे. एके काळी तेथे होल्डनवाले आणि फोर्डवाले एकमेकांस हिणवीत. घराघरांत हा पक्षभेद बापाकडून मुलाकडे वारशाने येई. आज भांडायला दोन्ही बाजूंचे कारखाने नाहीत, आणि कालचे प्रतिस्पर्धी एकाच रांगेत शेजारी उभे राहून एकमेकांस सुटे भाग शोधून देतात. तीन वेबर कार्ब्युरेटरांचा श्वास एका तालात आणणे, वाकलेला पत्रा हातोडीने मूळ वळणावर आणणे, ही विद्या पुस्तकातून पुरती येत नाही. ती कानाला आणि हाताला शिकवावी लागते, आणि ज्यांना ती येते त्यांचे केस पांढरे झाले आहेत. नव्या पिढीसमोर विजेवर चालणारी, आवाज न करणारी मोटार उभी आहे. तिला ह्या गर्जनेचे अगत्य का वाटावे, ह्याचे उत्तर ह्या वृद्धांनाच द्यावे लागणार आहे.

आपण खंडेनवमीला हत्यारांची व यंत्रांची पूजा करतो. त्या दिवशी लोहाराचा ऐरण आणि सुताराची करवत ह्यांना हळदकुंकू वाहताना आपण लोखंडाला नव्हे, तर त्या लोखंडातून पोट भरणाऱ्या कष्टाला नमस्कार करीत असतो. ऑस्ट्रेलियाच्या त्या हिरवळीवर हळदकुंकू नसते; पण पहाटे उठून गाडी पुसणाऱ्या, शेजाऱ्याच्या मुलाला चालकाच्या जागी बसवून इंजिनाची ओळख करून देणाऱ्या माणसाच्या मनातला भाव फारसा वेगळा नसावा. देवाचा रथ वर्षातून एकदाच निघतो. परंतु तो निघावा म्हणून वर्षभर कोणी तरी त्याची चाके पाहत असतो, आणि आपल्यामागे ती पाहणारा कोणी तरी तयार करीत असतो. जेथे ही दुसरी काळजी घेतली जाते तेथेच रथ पुढच्या वर्षी निघतो. ह्या मोटारींचेही भवितव्य लिलावातील दहा लक्षांवर नव्हे, तर तेवढ्याच एका गोष्टीवर अवलंबून आहे.